घरात मधुमेह आहे. घरच्यांनी नेमकं काय शिकायचं आणि कशात नाक खुपसायचं नाही?

रानवेल

बाबांना मधुमेह आहे हे नवीन नाही. बरीच वर्षं गोळ्यांवर ठीक चाललं होतं. आता डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागत नाहीये, रात्रीचं एक इन्शुलिन सुरू करू. तेव्हापासून घरात तपासयंत्रणा बसलीय. आई त्यांच्या ताटावर नजर ठेवून असते. भाऊ रोज संध्याकाळी फोन करून "आज किती आली?" एवढंच विचारतो. बाबा सगळ्यांना "बरं" म्हणतात आणि करायचं तेच करतात. साखरेच्या नोंदींची वही कपाटात गेली आहे.

दवाखान्यात आहार, व्यायाम, सुई, सगळं एका दमात सांगून झालं आणि हातात कागद दिला. त्यातलं बाबांना अर्धं आठवतं, आईला दुसरंच अर्धं.

मला औषधांबद्दल विचारायचं नाहीये, ते डॉक्टर बघतील. घरच्या माणसांनी स्वतः काय शिकून घ्यावं आणि काय रुग्णावर सोडून द्यावं, हे ज्यांच्या घरात मधुमेह मुरलाय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. बाबा सत्तरीच्या पुढचे, तल्लख, स्वतःचं सगळं स्वतः करणारे आणि हट्टी.

तिरकस

हट्टी मधुमेही अशी वेगळी जात नसते, सगळेच तसे असतात. वाचतोय, चालू द्या.

जुना_गडी

मी तुमच्या बाबांच्या बाकावरचा, म्हणजे स्वतः मधुमेही, त्यामुळे त्यांच्या बाजूने लिहितो.

"आज किती आली?" हा प्रश्न घरोघरी निकाल विचारल्यासारखा विचारला जातो. ११० आली की शाबासकी, २१० आली की सगळ्यांचे चेहरे पडलेले. त्यावर माणूस दोनपैकी एक करतो. मोजणं सोडतो किंवा वहीत बरे दिसतील असे आकडे लिहितो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण डॉक्टर त्याच वहीवरून डोस ठरवतात.

आणि आकडा वाढला म्हणजे काहीतरी खाल्लंच असणार, हे डोक्यातून काढा. ताप, दाताचं दुखणं, अपुरी झोप, मनस्ताप, सांध्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड, यातल्या कशानेही साखर चढते. पहाटे तर शरीर स्वतःच जागं व्हायची तयारी करतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर रक्तात सोडतं. रात्री झोपताना बरी असलेली साखर सकाळी उपाशीपोटी जास्त येते ती बरेचदा यामुळे. हे ठाऊक नसलेल्या घरात सकाळी सकाळी "रात्री उठून काय खाल्लंत?" अशी उलटतपासणी होते. निर्दोष माणसाची, दात घासण्याआधी.

आमच्याकडे आता बायको आकडा विचारत नाही. जेवण झालं की चपला घालते आणि दारात उभी राहते. मी निघतोच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मीटरवर स्वतः बघता येतं. माझ्या लेखी आधार म्हणतात तो हा. सल्ले मला पुष्कळ मिळाले होते.

मोजपट्टी

जुना_गडी, प्रतिसाद पटला. फक्त एक भर. वहीपेक्षा एचबीए१सी ही रक्ततपासणी बघावी म्हणणारे खूप भेटतात, पण ती गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आहे. ७ टक्के म्हणजे साधारण १५४ ची सरासरी. ही सरासरी ५० आणि २६० च्या हेलकाव्यांतूनही येऊ शकते, त्यामुळे रोजच्या नोंदींना पर्याय नाही. शिवाय अंगात रक्त कमी असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा फसवा येतो.

सत्तरीपुढच्या माणसासाठी सगळ्यांचं लक्ष्य सातच्या आत नसतं हेही घरात सांगा. इतर आजार बरेच असतील किंवा साखर एकदम खाली जायचा धोका असेल, तर आठच्या आत ठेवणंही पुरेसं मानतात. बाबांचं लक्ष्य किती, हे डॉक्टरांना थेट विचारा. ते माहीत नसताना भावाने फोनवर शेरे मारण्यात अर्थ नाही.

पेनवाली

मी मधुमेह शिक्षक म्हणून काम करते. सुई कशी घ्यायची, साखर कशी मोजायची हे रुग्णाला आणि घरच्यांना शिकवणं हाच व्यवसाय. रानवेल, तुमच्या घरच्यांनी सगळ्यात आधी साखर खाली गेल्यावर काय करायचं ते शिकावं. साखर वाढलेली कळायला आणि हालचाल करायला बहुतेक वेळा सवड मिळते. खाली गेली की मिनिटांचा हिशोब असतो, आणि नेमकं तेव्हाच रुग्णाचं डोकं धड चालत नसतं. म्हणून हे काम घरच्यांचं.

७० च्या खाली गेली की उपाय करायचा. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक ही नेहमीची लक्षणं. वयस्कर माणसात यातलं काही न दिसता नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं किंवा गप्प बसून राहणं एवढंच दिसतं. "आज फार चिडलेत" म्हणून सोडून देऊ नका, आधी बोट टोचा. मीटर हाताशी नसेल तर साखर कमी आहे असं धरून उपाय करा.

शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून. मग १५ मिनिटं थांबून परत मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर काहीतरी खायला द्यायचं. या १५ मिनिटांत घरच्यांचा धीर सुटतो आणि ते भराभर गोड भरवत सुटतात, मग तासाभराने साखर ३०० होते. चॉकलेट तर नकोच, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. चमचाभर पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचं (साखर वर आणणारं) इंजेक्शन घरात ठेवायला दिलं असेल तर ते कसं द्यायचं हे आधीच शिकून ठेवा.

बाबांच्या गोळ्यांची नावं बघा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर इतकी खाली जाणं दुर्मीळ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी मात्र जाते, आणि आता सोबत इन्शुलिन येणार. आणखी एक बारीक गोष्ट, जी कागदावर सहसा नसते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरातली साधी साखर लवकर काम करत नाही. ती आतड्यात फोडायचं कामच या गोळ्या अडवून धरतात. अशा घरात ग्लुकोजची पूडच हवी, तीही आईला अंधारात सापडेल अशा जागी.

शंकेखोर

इन्शुलिन एकदा सुरू झालं की सुटत नाही म्हणतात. आमच्या नात्यात एकांना इन्शुलिन लागलं आणि थोड्याच काळात डायलिसिसवर गेले. गोड पूर्ण तोडलं असतं तर ही वेळ आलीच नसती, असंही लोक म्हणतात. खरं-खोटं जाणकारांनी सांगावं.

मोजपट्टी

तुमच्या नातेवाइकांची मूत्रपिंडं वर्षानुवर्षांच्या चढ्या साखरेने (बहुधा सोबत रक्तदाबानेही) खराब होत आली असणार. इन्शुलिन उशिरा आलं, आणि शेवटी आलेल्याच्या माथी सगळं मारलं गेलं. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक इन्शुलिन दोन-दोन वर्षं पुढे ढकलतात आणि मग जी गत होते, ती बघून पुढचे घाबरतात.

गोड तोडण्याबद्दल. पिष्टमय पदार्थांची साखरच होते, त्यामुळे गोड सोडून बाकी ताट तसंच भरलेलं असेल तर मोठा फरक पडत नाही. एका वेळी कर्बोदकं किती, सोबत भाज्या आणि प्रथिनं किती, हे जास्त कामाचं.

आणि रानवेल, हे बाबांना जरूर वाचून दाखवा. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. टाइप २ चं, म्हणजे बाबांसारख्या मधुमेहाचं, निदान होतं त्या वेळीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमता सुमारे निम्म्यावर आलेली असते आणि पुढे ती कमीच होत जाते, असं त्यातून दिसलं. गोळ्या अपुऱ्या पडणं हा आजाराचा स्वभाव आहे. त्यांनी पथ्य मोडलं म्हणून ही शिक्षा झाली, असं नाही.

सुटत नाही हेही सरसकट खरं नाही. गरोदरपणातल्या मधुमेहात बाळंतपणानंतर बहुतेक वेळा इन्शुलिन थांबतं, शस्त्रक्रिया किंवा मोठा जंतुसंसर्ग असताना तात्पुरतं देतात. वजन भरपूर उतरवून टाइप २ ची औषधं थांबलेलेही आहेत. ब्रिटनमधल्याच डायरेक्ट अभ्यासात एका वर्षाने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. पण ते निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते आणि त्यात इन्शुलिनवरचे कुणी नव्हते. हा दुसरा भाग जाहिरातवाले गाळतात.

पिटुकल्याची_आई

इन्शुलिनला घाबरणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. लेकाला टाइप १ आहे. त्याच्या शरीराने इन्शुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशी मारल्या, इन्शुलिन नाही तर तो नाही, इतकं सरळ. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, सुई टोचली तिथे गळू आलं. जेम्स कॉलिपने ते अधिक शुद्ध केल्यावर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दिलं आणि साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून मिळायचे. मला हा इतिहास आधार देतो, म्हणून सांगितला.

आता मुद्द्याचं. टाइप १ च्या घरात आजारपणाचे नियम वेगळे शिकावे लागतात. मूल खात नाहीये, उलट्या करतंय म्हणून इन्शुलिन बंद करायचं, हा मनात येणारा पहिला विचार आणि तोच सगळ्यात घातक. आजारात गरज बरेचदा उलट वाढते. डोस कमी-जास्त होईल, तो डॉक्टरांना विचारून, पण शून्य कधीच नाही. साखर चढी असताना कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, असं काही दिसलं तर घरी वाट बघायची नाही. निदान व्हायच्या आधीची लक्षणंही सगळ्यांना माहीत हवीत. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं.

शाळेत मी वर्गशिक्षिकांना कागद दिला नाही, समोर बसून मीटर चालवायला लावलं. लेकाच्या शेजारी बसणाऱ्या मुलीलाही ग्लुकोज कुठल्या कप्प्यात असतं ते माहीत आहे. ती मोठ्या माणसांपेक्षा शांत असते.

नातेवाइकांनी "लहानपणी फार गोड दिलंत का?" हे विचारणं बंद करावं. टाइप १ गोडाने होत नाही. रात्री लेकाच्या अंगावरच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा भोंगा वाजतो तेव्हा उठणारी मीच असते. माझ्या बहिणीने कार्ब मोजायला, सुई द्यायला शिकून घेतलं आणि अधूनमधून रात्री ती येऊन राहते. त्या रात्री मी झोपते. कुणाला मदत करायचीच असेल तर अशी करा.

तिरकस

सेन्सर असताना बोट कशाला टोचायचं?

पिटुकल्याची_आई

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. साखर वेगाने वर-खाली होत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो. लेक घामाघूम आणि सेन्सर ९५ दाखवतोय, असं झालं की आम्ही लेकावर विश्वास ठेवतो.

पेनवाली

अगदी बरोबर. बोट टोचणाऱ्यांनीही हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. फळ सोललेल्या हाताने तपासलं तर बोटावरची साखर मोजली जाते आणि १२० चे २५० होतात.

रानवेल, सुईबद्दल लिहायचं राहिलं होतं. इन्शुलिनचं पेन असेल तर दर वेळी नवी सुई, आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतोय का बघायचं. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर. घाई केली की इन्शुलिन कातडीवर ओघळतं आणि साखर का उतरत नाही याचा शोध भलतीकडेच चालू होतो. पेनऐवजी बाटली आणि सिरिंज असेल तर जास्त सावध. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवाली बाटली असेल तर ४० चीच सिरिंज, १०० ची असेल तर १०० ची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याहूनही कमी.

जागा बदलत राहायची. लोक एकाच ठिकाणी टोचतात कारण तिथे दुखेनासं होतं. कातडीखाली चरबीची गाठ झालेली असते म्हणून दुखत नाही. त्या गाठीतून इन्शुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. आठवड्यातून एकदा पोटावर बोटं फिरवून चाचपायची. गाठ सापडली तर ती जागा सोडायची, पण डॉक्टरांना सांगून, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर खाली जाऊ शकते.

न उघडलेलं इन्शुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलं की फेकायचं. वापरातलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला राहतं, नेमका काळ माहितीपत्रकात असतो. उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायचं नाही.

शिकवणं एकदाच होत नाही, हेही सांगते. निदान झाल्यावर, नंतर दरवर्षी, नवीन गुंतागुंत आली किंवा परिस्थिती बदलली तेव्हा, आणि उपचाराची जागा किंवा पद्धत बदलताना, अशा चार वेळी ते नव्याने व्हावं अशी शिफारस आहे. इन्शुलिन सुरू होणं त्यातच बसतं. तेव्हा हक्काने वेगळी वेळ मागा. आई आणि बाबा दोघंही जा. सांगितलेलं ऐकून परत येऊ नका, बाबांना तिथेच पेन हातात घेऊन करून दाखवू द्या.

रानवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजपट्टींचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "म्हणजे मी काही केलं नव्हतं" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ वर्तमानपत्र तसंच धरून बसले. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती की ते हे मनात घेऊन बसलेत.

मग त्यांनीच वाटणी केली. सुई आणि मीटर त्यांचं. ग्लुकोजची पूड आणि १५ मिनिटांचं घड्याळ आईचं. भावाला आठवड्यातून एकदा ते स्वतः वहीचा फोटो पाठवणार, त्याने फोनवर साखर सोडून बाकी काहीही बोलायचं. माझ्याकडे तपासण्यांच्या तारखा.

दोन प्रश्न आहेत. रात्रीचा डोस विसरला तर? आणि त्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आहे, त्याचा काही संबंध येतो का?

जुना_गडी

वाटणी झकास. ही सगळी दगदग वर्षानुवर्षं करून माणूस विटतो. विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा विट मोजायला एक प्रश्नावलीच काढली. नैराश्य वेगळं आणि हे वेगळं. मधूनच बाबा वहीला हात लावेनासे झाले तर लगेच ओरडू नका. थोडे दिवस त्यांच्या वाटणीतलं काम त्यांना विचारून तुम्ही उचला.

पेनवाली

रानवेल, विसरल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही, हे पक्कं. उशिरा आठवलं तर घ्यायचं की नाही, हे इन्शुलिनच्या प्रकारावर ठरतं. ते डॉक्टरांना आत्ताच विचारून पेनच्या डबीवर चिठ्ठी चिकटवा. आणि घेतलं की नाही हेच आठवत नसेल तर अंदाजाने परत टोचायचं नाही. साखर मोजून फोन करायचा.

मेटोप्रोलॉलचा संबंध येतो. बीटा ब्लॉकर असल्यामुळे साखर खाली गेल्यावरची धडधड आणि थरथर त्याने दबते. घाम मात्र येतो. तेव्हा आईंना सांगा, धडधडीची वाट बघू नका, कारण नसताना घाम दिसला की बोट टोचा. गोळी मनाने बंद करू नका, रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी ती लागत असते.

तारखा तुमच्याकडे आहेत तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर आणि पावलांची संवेदना. शेवटच्या तपासणीत नायलॉनचा दहा ग्रॅम दाबाचा तंतू तळव्याला टेकवून विचारतात, कळलं का. घरी रोज तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बोटांच्या बेचक्यातही बघायचं. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतच नाही. भोवरी घरी कापायची नाही.

शंकेखोर

गाडी चालवणाऱ्यांनी काय करावं? माझे वडीलही आता इन्शुलिनवर जातील असं दिसतंय.

पेनवाली

निघण्याआधी साखर मोजायची. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. ७० च्या खाली असेल तर उपचार करून, साखर वर आल्यावरही पाऊण तास थांबायचं, कारण आकडा सुधारला तरी डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. ग्लुकोज हाताच्या अंतरावर, डिकीत नाही. चालवताना शंका आली तर आधी गाडी बाजूला घेऊन बंद करायची, मग मोजायचं.

तिरकस

एक फुटकळ प्रश्न. आमच्या मातोश्री साखर मोजायच्या पट्ट्या डबीतून काढून छान डब्यात रचून ठेवतात. चालतं का?

पेनवाली

नाही. डबीच्या आतल्या बाजूला ओल शोषणारा थर असतो, तो पट्ट्यांसाठीच असतो. बाहेर काढल्या की दमटपणाने बिघडतात आणि आकडा चुकीचा येतो. एक काढली की झाकण लगेच घट्ट. डबी उघडल्याची तारीख वर लिहून ठेवा. आत्ता रचून ठेवलेल्या टाकून द्या, मातोश्रींना नवी डबी द्या.